फाटकाच्या आत: संगणकशास्त्राची पदवी आणि आपल्या मुलांची वाट

दरवर्षी जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत आमच्या टेबलासमोर पालकांची रांग लागते. गेली काही वर्षे त्या रांगेत एक प्रश्न हमखास येतो: "सर, पोरगं कॉम्प्युटरला घातलं तर नोकरी लागंल का?" एका वर्षी हा प्रश्न विचारणाऱ्या माउली हिंजवडीतील एका कंपनीत साफसफाईचे काम करीत होत्या. कोणत्या मजल्यावर किती टेबले आहेत, कोणते टेबल रात्री किती वाजता रिकामे होते, हे त्यांना तोंडपाठ होते. त्या टेबलांवर नेमके काय काम चालते, हे मात्र त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. खरे सांगावयाचे तर आम्हांलाही त्या वेळी ते धड सांगता आले नसते. "लागेल, लागेल," एवढेच म्हणून आम्ही पुढचा अर्ज हाती घेतला.

त्या घाईच्या उत्तराची रुखरुख आम्हांला आजही आहे. आम्ही इतिहासाचे शिक्षक. संगणक आमचा विषय नव्हे. परंतु ज्या मुलांच्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, त्यांच्यासाठी शिक्षकाचा सल्ला हाच बहुधा एकमेव सल्ला असतो. म्हणून गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांकडून आम्ही पुष्कळ शिकलो. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या माउलींच्या प्रश्नाचे उत्तर सावकाश देण्याचा हा प्रयत्न आहे.

मुळशीची जमीन आणि मुळशीची माणसे

मुळशीचा इतिहास आपण शाळेत शिकवतो. १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. तो यशस्वी झाला नाही. खोऱ्यातील भातखाचरे पाण्याखाली गेली, त्या पाण्यावर घाटाखाली भिरा येथे वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईच्या कामी आली. ज्यांच्या नावावर जमीन होती, त्यांच्या मोबदल्याचा प्रश्न निदान कागदावर तरी मांडला गेला. ज्यांच्या नावावर काहीच नव्हते, त्यांच्या नुकसानीची नोंद कोणत्या वहीत होणार होती?

त्यानंतर सुमारे पाऊण शतकाने याच तालुक्याच्या पूर्व टोकाला, हिंजवडी व माणच्या शिवारात, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले. पुण्यात या विद्येची पाळेमुळे आधीच रुजली होती. टाटांचे संशोधन केंद्र १९८१ मध्ये येथे सुरू झाले. त्याच वर्षी इन्फोसिसची स्थापनाही पुण्यातच झाली. १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये 'परम' हा महासंगणक सिद्ध केला. हिंजवडीच्या काचेच्या इमारती या परंपरेच्या पुढच्या टप्प्यावर उभ्या आहेत.

आज आपल्या वस्त्यांतील कितीतरी माणसे रोज त्या इमारतींकडे जातात. कोणी फाटकावर सुरक्षारक्षक आहेत, कोणी गाडी चालवतात, कोणी उपाहारगृहात भांडी घासतात. ही कामे प्रामाणिक कष्टाची आहेत. त्यांच्याच पगारावर आपली मुले शिकत आहेत. दुःख कष्टांचे नाही. बापाने फाटक सांभाळले म्हणून मुलानेही फाटकच सांभाळावे, हे जर न सांगता ठरून जात असेल, तर तो जुना बलुत्याचाच हिशेब नव्या वहीत उतरला असे म्हणावे लागेल. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते.

१९४२ चे निवेदन

या विषयात बाबासाहेबांचा एक विचार आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन सरकारला सादर केले. त्यातील शिक्षणविषयक भागात त्यांनी असे प्रतिपादन केले की, कला व कायदा या शाखांच्या शिक्षणाचा आपल्या समाजाला मर्यादित उपयोग आहे. त्याला खऱ्या अर्थाने वर आणील ते विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण. हे शिक्षण खर्चाचे असल्यामुळे गरिबांच्या मुलांना ते सरकारी मदतीवाचून मिळणार नाही, म्हणून त्यांनी देशातील आणि परदेशातील अशा शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. अर्थशास्त्र आणि कायदा या दोन्ही शाखांत जगमान्य झालेला विद्वान हे लिहीत होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शब्दांचे वजन कळते.

१९४४ पासून केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुले महाडीबीटीच्या संकेतस्थळावर जो अर्ज भरतात, त्याचे मूळ त्या काळात आहे. तो अर्ज भरताना ही मुले कोणाकडे मदत मागत नसून आपल्या बापाने लढून मिळवलेले घेत आहेत, हे त्यांना सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

संगणकशास्त्र म्हणजे काय, माहिती प्रणाली म्हणजे काय

पालकांच्या बोलण्यात सगळेच 'कॉम्प्युटर' असते. परंतु त्यात निदान दोन विद्या आहेत. एसटीच्या आरक्षणाचे उदाहरण घेऊ. पौडच्या आणि मुंबईच्या दोन प्रवाशांनी एकाच क्षणी एकच आसन मागितले, तर ते दोघांना विकले जाऊ नये. लाखो तिकिटांतून हवे ते क्षणात सापडावे. मधेच वीज गेली तरी हिशेब बिघडू नये. या प्रश्नांची उत्तरे शोधणे म्हणजे संगणकशास्त्र. त्यात गणित आणि तर्क यांना पहिला मान आहे.

आता दुसरी बाजू. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. या सवलतींचे नियम यंत्राला कसे सांगावयाचे, वाहकाच्या हातातील यंत्रापासून आगारापर्यंत आणि आगारापासून मुख्यालयापर्यंत हिशेब कसा पोचवावयाचा, सरकारकडून सवलतीची रक्कम मागताना कोणता तक्ता लागेल, हे ठरवणे म्हणजे माहिती प्रणालीचे काम. येथे संगणकाइतकेच माणसांचे व्यवहार समजावे लागतात. ज्याला गणिताची फार गोडी नाही, पण व्यवस्था समजून घेऊन ती नीट मांडण्याची हातोटी आहे, त्याच्यासाठी ही वाट मोलाची आहे.

या दोन विद्यांतून निघणारी कामे पुष्कळ आहेत. प्रोग्रॅम लिहिणारे असतात, तसे लिहिलेल्या प्रोग्रॅममधील चुका शोधणारे परीक्षक असतात. माहितीचे साठे सांभाळणारे, नेटवर्क चालते ठेवणारे, आकड्यांतून अर्थ काढणारे, ग्राहकाची गरज ऐकून ती प्रोग्रॅमरला समजेल अशी लिहून देणारे, अशी निरनिराळी माणसे लागतात. बँका आणि रुग्णालयांचे व्यवहार ऑनलाइन झाल्यापासून सायबर सुरक्षेच्या कामाचे महत्त्व फार वाढले आहे. पुणे परिसर हा मोटारींचा प्रदेश असल्यामुळे वाहनांच्या आतील नियंत्रणासाठी प्रोग्रॅम लिहिण्याचे कामही येथे मोठ्या प्रमाणावर होते. त्याला संगणकाबरोबर इलेक्ट्रॉनिक्सचे ज्ञान लागते.

बाजाराचा चढउतार

आता कटू भाग. या क्षेत्रातील नोकरी म्हणजे सरकारी शिक्का नव्हे. २००१ मध्ये अमेरिकेतील मंदीने या उद्योगाला धक्का दिला, २००८ मध्ये पुन्हा दिला. कोरोनानंतर २०२१-२२ मध्ये कंपन्यांनी मोठी भरती केली, आणि पुढच्याच दोन वर्षांत तिला आखडता हात लागला. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपले सुमारे २ टक्के मनुष्यबळ, म्हणजे १२ हजारांवर माणसे, कमी करण्याचे जाहीर केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तेव्हापासून साधे, साचेबंद प्रोग्रॅम यंत्रच लिहून देऊ लागले आहे. नव्या पदवीधराला पूर्वी पहिली दोन वर्षे जे काम देत, त्यातील बराच भाग असाच साचेबंद होता.

याचा अर्थ दार बंद झाले असा नाही. पण कमी गुणांवर, केवळ पदवीच्या कागदावर आत घेणारे दार अरुंद झाले आहे. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही हे ज्याला तपासता येते, त्याचे मोल वाढते. ज्याला तेवढेही येत नाही, त्याचे घटते. तपासण्यासाठी पाया लागतो: गणित, तर्क, प्रोग्रॅमची मूळ रचना, माहितीसाठ्यांचे ज्ञान, आणि इंग्रजीत लिहिलेले नीट वाचून समजण्याची ताकद. भाषा व साधने दर चार वर्षांनी बदलतात, पाया बदलत नाही. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, ही तर आपल्या शाळेची रोजची शिकवण आहे. या व्यवसायात तिचा नित्य उपयोग पडतो.

वाटा कोणत्या

दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात संगणक अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका करता येते. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. घरची ओढाताण असलेल्या मुलांसाठी आम्ही ही वाट फार चांगली मानतो, कारण हातात लवकर काही पडते आणि पुढचे दारही उघडे राहते. त्याहून लवकर कामाला लागावयाचे असेल तर आयटीआयमधील संगणक चालक व प्रोग्रॅमिंग साहाय्यक हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. मात्र तो पहिली पायरी समजावा, शेवटची नव्हे.

बारावीनंतर अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी आहे. तिच्यासाठी राज्याची सीईटी किंवा जेईई द्यावी लागते. दुसरी वाट बीएस्सी संगणकशास्त्र किंवा बीसीए आणि त्यानंतर दोन वर्षांचे एमसीए अशी आहे. बीसीएसाठीही २०२४ पासून राज्याने सामाईक प्रवेश परीक्षा सुरू केली आहे, ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. अभियांत्रिकी किंवा एमसीए झालेल्यांना सी-डॅकचा सहा महिन्यांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. त्यासाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी आयआयटी मद्रासचा डेटा सायन्समधील ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम आहे, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींना शुल्कात सवलत आहे. स्वयं आणि एनपीटीईएल येथील व्याख्याने तर कोणालाही मोफत ऐकता येतात. यांपैकी कोणतीही वाट धरावयाची असली तरी अकरावीत गणित सोडू नये, एवढे एकच वाक्य पालकांनी लक्षात ठेवले तरी या लेखाचे सार्थक होईल.

कागदपत्रांचे काम आधीपासून करावे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी ते लागते आणि ते मिळण्यास वेळ लागतो. म्हणून विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावीतच अर्ज करावा. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळतात. तरीही दाखल्यावरील नोंद योग्य नमुन्यात आहे की नाही, हे पाहून घ्यावे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राज्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्याच्या बार्टी संस्थेकडूनही स्पर्धा परीक्षांसाठी साहाय्य मिळते. परदेशी उच्च शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे.

आणि एक इशारा. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी व्याजाने पैसे काढून 'नोकरीची हमी' देणाऱ्या एका खासगी क्लासमध्ये त्याला घातले. सहा महिन्यांनी हाती एक रंगीत प्रमाणपत्र आले. नोकरी आली नाही, व्याज मात्र दोन वर्षे चालू राहिले. नोकरीची हमी कोणीही देऊ शकत नाही. असा कागद पुढे आला तर पैसे भरण्यापूर्वी शाळेत येऊन आम्हांला दाखवावा.

आमची एक चूक

दुसऱ्यांच्या चुका सांगताना आपली लपवू नये. सुमारे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या वर्गात गणितात फार हुशार अशी एक मुलगी होती. तिच्या वडिलांना आम्ही डी.एड.चा सल्ला दिला. मुलीसाठी सुरक्षित नोकरी, असे आम्ही म्हणालो. पुढे राज्यातील शिक्षकभरती वर्षानुवर्षे अडून राहिली आणि ती पदविका तिच्या कपाटात पडून राहिली. लग्नानंतर तिने मुक्त विद्यापीठातून पुन्हा पदवी घेतली, आणि आज ती एका लहान कंपनीत प्रोग्रॅमच्या चुका शोधण्याचे काम करते. मागे ती शाळेत आली तेव्हा म्हणाली, "सर, मला गणित आवडतं का, हे त्या वेळी कोणी विचारलंच नाही." तिच्या स्वरात राग नव्हता, म्हणून ते वाक्य आम्हांला अधिक लागले. सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्या शाळेत मुलीच्या आवडीपेक्षा तिची 'सुरक्षितता' आधी पाहिली गेली, ही चूक आमची होती. मुलींच्या पालकांना आमची विनंती आहे की त्यांनी ती पुन्हा करू नये.

आडनाव आणि ओळख

सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातील दारांकडे आपण कमी पाहतो. बँकांतील माहिती तंत्रज्ञान अधिकारी, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रातील वैज्ञानिक, संरक्षण व अंतराळ संशोधन संस्थांतील संगणकतज्ज्ञ अशी पदे परीक्षेने भरली जातात. तेथे राखीव जागा आहेत, आणि स्पर्धा असली तरी नियम लेखी आहेत.

खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तेथे गुणवत्ताच पाहतात असे आपण ऐकतो. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांकडे पाठवून पाहिले होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. हे सांगण्यात मुलांना भिववण्याचा हेतू नाही. नकार आला म्हणजे आपल्यातच उणे आहे, असे त्यांनी लगेच मानू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

शिवाय पुष्कळ जागा कंपनीतीलच कोणी नाव सुचविल्याने भरल्या जातात. ज्याचा मामा किंवा शेजारी आत आहे, त्याला जागा निघाल्याचे आधी कळते, मुलाखतीत काय विचारतात हेही कळते. आपल्या मुलांना मामा नाही. पण त्यांना तुम्ही आहात.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे मागणे

आपल्यापैकी जे या क्षेत्रात आहेत त्यांच्याकडे शाळा देणगीपेक्षा वेळ मागते आहे. महिन्यातून एक रविवार द्या. नववी-दहावीच्या मुलांना तुम्ही दिवसभर काय करता, ते मराठीत समजावून सांगा. पदवीच्या शेवटच्या वर्षातील मुलांचे अर्ज तपासा, त्यांच्या लटक्या मुलाखती घ्या आणि चुका स्पष्ट सांगा. आपल्या कंपनीत जागा निघाली तर पात्र मुलाचे नाव बिनदिक्कत सुचवा. जुना पण चालता लॅपटॉप असेल तर तो शाळेच्या कपाटाला द्या; वसतिगृहातील मुलाला रात्री सरावासाठी त्याचा उपयोग होईल.

आम्ही शिक्षकही आमचा वाटा उचलू. तर्क शिकवण्यासाठी प्रत्येकाला संगणक लागत नाही. भोजनगृहात पाणी वाढण्याची पाळी न चुकता कशी फिरवावी, ग्रंथालयातील पुस्तक कमीत कमी पावलांत कसे शोधावे, हे कागदावर पायरीपायरीने मांडणे ही प्रोग्रॅमची पहिली इयत्ताच आहे. रोज अर्धा तास इंग्रजी वाचन आणि वर्षातून दोनदा पालकांसाठी प्रवेशप्रक्रियेची सभा, एवढे आम्ही निश्चित करू शकतो.

शेवटी एक गोष्ट. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविकेला स्थान दिले आहे. जुगाराची अॅप आणि गरिबाला लुबाडणारी कर्जाची अॅप बनवणारेही संगणकाचेच पदवीधर असतात. आपल्या मुलांनी मोठे पगार जरूर घ्यावेत. मात्र आपण लिहिलेला प्रोग्रॅम आपल्याच वस्तीतील एखाद्या आईच्या फोनवर काय करील, हा विचार त्यांनी सोडू नये.

त्या माउली पुन्हा भेटल्या तर आम्ही सांगू: "ताई, नुसती पदवी घेऊन नोकरी लागेलच असे नाही. पोराचा गणिताचा पाया पक्का करू, इंग्रजी वाचायला लावू, कागदपत्रे वेळेत काढू आणि कोणाच्या हमीला पैसे भरणार नाही. एवढे केले तर तो फाटकाच्या आत जाण्याची चांगली शक्यता आहे. तुम्ही पुसता त्या टेबलावर काय चालते, ते मग तोच तुम्हांला समजावून सांगेल."

जय भीम!